मुनिरक्याच्या भिंतीवर पाठमोरा

मी राहतो ते लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर माझ्या बायकोच्या नावावर आहे. ती केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी आहे आणि मी फोटो काढतो. कॉलनीत कुणी 'आप कौनसी मिनिस्ट्री में?' असं विचारलं की पूर्वी मी 'प्रेस' म्हणायचो. समोरचा माणूस जरा सावरून उभा राहायचा. मग आमच्या वर्तमानपत्राने फोटो विभाग आवरता घेतला आणि मी 'फ्रीलान्स' म्हणायला लागलो. तेव्हापासून लोक मला विचारतात, दुपारी घरीच असाल तर आमचं कुरिअर घेऊन ठेवाल का. मी ठेवतो.

वर्तमानपत्रात होतो तेव्हा माझं काम ठरलेलं होतं. नेता गाडीतून उतरताना, नेता गाडीत बसताना, जंतरमंतरवरचं धरणं, हिवाळ्यात इंडिया गेटपुढचं धुकं. धुक्याचा फोटो दरवर्षी वेगळा लागायचा आणि धुकं दरवर्षी तेच असायचं. नोकरी गेल्यावर मी भिंतींकडे वळलो. दिल्ली, नोएडा, गुडगाव, जिथे कुणी भिंतीवर, शटरवर, पुलाच्या खांबावर काही रंगवलं असेल तिथे जाऊन त्याचे फोटो काढायचे आणि त्यांचं एक पुस्तक करायचं. भिंतीच का, याचं एक सुंदर उत्तर मी तयार ठेवलेलं आहे. शहराला जे तोंडाने बोलता येत नाही ते भिंत बोलते, वगैरे. मुलाखत घ्यायला अजून कुणी आलेलं नाही, पण तयारी असावी. खरं कारण इतकंच की भिंत गाडीत बसून निघून जात नाही.

लोधी कॉलनीत मोठमोठी देखणी चित्रं आहेत, पण तिथे मला करमायचं नाही. तिथे प्रत्येक चित्रापुढे कुणीतरी केस उडवत उभं असतं. मला भिंत रिकामी लागायची. फोटोत चित्र आणि फक्त चित्र. म्हणून मी मुनिरक्याला जायला लागलो. मुनिरका म्हणजे जुनं गाव, आता घरावर घर चढलेलं, खोल्या भाड्याने दिलेल्या आणि त्यांत आसपासच्या विद्यापीठांतली मुलं राहणारी. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या दोन बाल्कन्यांत एकच दोरी चालते. अशा ठिकाणी अख्खी भिंत फोटोत घ्यायची तर मागे सरकायला जागाच नसते. मग मी गुडघ्यांवर बसायचो, कोपर जमिनीला टेकायचो, डोकं खाली आणि बाकीचा मी वर अशा आसनात कॅमेरा लावायचो आणि डावा हात हलवत लोकांना बाजूला करत राहायचो. 'भैया, एक मिनट. दीदी, बस दो सेकंड.' लोक थांबायचे. दिल्लीचे लोक उगीच बदनाम आहेत. कॅमेरा दिसला की ते बराच वेळ थांबतात. त्या दोन सेकंदांत गल्लीत स्कूटरींची रांग लागायची आणि मला वाटायचं, कलेसाठी लोक किती आदराने उभे आहेत.

तिथेच मला ती चित्रकार मुलगी भेटली. मूळची केरळची, ललितकला शिकायला दिल्लीत आलेली आणि त्या गल्लीतल्याच एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहणारी. ती प्राणी रंगवायची. कोचिंग क्लासच्या बाकावर बसलेली म्हैस, हेल्मेट घालून निघालेली माकडाची जोडी, मोबाइलवर बोलणारं कबूतर. सही म्हणून कोपऱ्यात छोटीशी पाल. तिचं चित्र झालं की ती मला फोन करायची आणि मी जायचो. म्हणजे मी गेलो की तिचं काम वाढायचं. रंग वाळून गेला असला तरी मी तिला कोरडा ब्रश हातात देऊन पुन्हा रंगवल्यासारखं करायला लावायचो, आणि फोटोत तिचा फक्त हात घ्यायचो, मनगटापर्यंत. बाकीची ती मला फ्रेममध्ये नको असायची. शिवाय सल्ले. पिवळा रंग कॅमेऱ्यात नीट येत नाही, असं मी तिला एकदा सांगितलं. ती 'जी सर' म्हणाली. त्यानंतरच्या तिच्या चित्रांत पिवळा रंग बराच वाढला. मला वाटलं, तिला ऐकू आलं नसेल.

याच सुमाराला एका कॉलेजात मला भाषणाला बोलावलं. विषय होता रस्त्यावरची कला. मी हिंदीत बोललो आणि मध्येमध्ये, जिथे मुद्दा कच्चा होता तिथे, इंग्रजीत. भिंतीवरचं चित्र ही आपली रांगोळी आहे, असं मी म्हणालो. सकाळी काढायची, संध्याकाळी पुसली जायची. पुसणाऱ्या पावलावर आपण कधी रागावतो का? जो कलावंत आपलं चित्र जपायला बघतो त्याला रस्ता कळलेलाच नाही. टाळ्या पडल्या. घरी येऊन मी बायकोला सगळं भाषण पुन्हा ऐकवलं. ती ऑफिसची फाइल वाचत होती. 'बरं आहे,' ती म्हणाली, 'पण रांगोळीवरून कुणी स्कूटर नेली तर आई रागवायचीच.' तिचं माहेर नगरचं, ख्रिस्ती. त्यांच्याकडे नाताळला दारात रांगोळी असते आणि तिच्यावरून जायची कुणाची हिंमत नसते. मी म्हटलं, तुला मुद्दा समजला नाही.

मग एका रविवारी आम्ही पोहे खात बसलो असताना आमची मुलगी मोबाइलमध्ये बघता बघता म्हणाली, "बाबा, तू दीवारवर आहेस."

ती कॉलेजात आहे, जन्मापासून दिल्लीत. तिच्या मराठीत निम्मे शब्द हिंदी असतात आणि उरलेले आम्ही दुरुस्त करतो. बायकोने सवयीने 'भिंतीवर' असं दुरुस्त केलं आणि मग दोघींनी मिळून मोबाइल बघितला. मुलीची एक मैत्रीण मुनिरक्याला राहते, तिने हा फोटो पाठवला होता. फोटो छोटा, तिरका, अर्ध्या भागात कुणाचं तरी बोट. पण मधोमध एक खाकी पँट होती आणि ती पँट त्या क्षणी आमच्या बाल्कनीत वाळत होती.

त्याच दिवशी आम्ही तिघंही गेलो. मी म्हणत होतो एकटा जातो, पण दोघींनी चपला घातलेल्या होत्या.

ते चित्र गल्लीच्या वळणावरच्या एका घराच्या पुढच्या भिंतीवर होतं, दाराला लागून. भिंतीचा निम्म्याहून जास्त भाग मी व्यापला होता. पाठमोरा, गुडघ्यांवर, माझ्या त्या आसनात. चेहरा कॅमेऱ्याच्या पलीकडे गेलेला, त्यामुळे दिसत नव्हता, आणि दिसायची गरजही नव्हती. पँटच्या सगळ्या खिशांतून काही ना काही बाहेर आलेलं: लेन्सचं झाकण, फडकं, चार्जरची वायर, आणि मागच्या खिशात डब्यातली गुंडाळलेली पोळी. शर्ट वर सरकलेला. आणि सगळंच्या सगळं पिवळं. माझा डावा हात मात्र लांबलचक रंगवला होता, रबरासारखा, थेट भिंतीच्या कडेपर्यंत, आणि त्या हाताने सगळी गल्ली कडेला दाबून धरली होती. तिथे एका पट्टीत माणसं चेंगरून उभी होती. बादली घेतलेली बाई, खांद्यावर सिलिंडर असलेला माणूस, मोमो खाणारी दोन मुलं, एक कुत्रा, खुर्चीवर बसलेली म्हातारी, आणि शेवटी, जवळजवळ भिंतीबाहेर, ब्रश धरलेला एक हात. मनगटापर्यंत. माझ्या कॅमेऱ्यापुढे भिंत कोरी होती. तिच्यावर काहीही काढलेलं नव्हतं, नुसती एक पाल.

बायको समोरच्या पायरीवर बसली. ती हसत होती, पण आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. मंत्रालयातली माणसं तिला घाबरतात, त्यांनी तिला तसं पाहायला हवं होतं. शेवटी डोळे पुसून ती म्हणाली, "पोळी कुठून कळली तिला?"

तेवढ्यात घराचं दार उघडलं आणि चित्रातली म्हातारी बाहेर आली. तीच घरमालकीण, चित्रकार मुलगी तिच्याच गच्चीवर भाड्याने राहायची. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग मला वळायची खूण केली. मी वळलो. तिने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान डोलावली. मग आम्हाला आत बोलावून चहा दिला. तिच्याकडून कळलं की त्या भिंतीशी येणारेजाणारे पुरुष लघवी करायचे. तिने देवांच्या टाइल्स लावून पाहिल्या, लोक टाइल्स सोडून शेजारी उभे राहायला लागले. मग भाडेकरू मुलगी म्हणाली, मी काही काढते. तिने मला काढलं. कॅमेरा घेतलेला माणूस बघून सगळे पुढे जायला लागले. "तेरे आगै कोई ना मूतता," म्हातारी म्हणाली. तिच्या हरियाणवी हिंदीत हे कौतुकच होतं, आणि माझ्या कामाला त्या वर्षात मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्र होतं.

घरी येताना मी चिडलो नव्हतो असं म्हणणार नाही. मला लागलं ते पँटचं किंवा आसनाचं नाही. इतकी वर्षं मी असं समजत होतो की मी असतो तिथे कुणाच्या लक्षात येत नाही. फोटोजर्नलिस्टने हवेसारखं असावं, असं आमच्या पहिल्या संपादकांनी सांगितलं होतं आणि मी स्वतःला हवा समजत आलो होतो. ही हवा गल्लीत शिरली की सिलिंडरवाल्याला खांद्यावर ओझं घेऊन उभं राहावं लागत होतं, हे मला एका पिवळ्या हाताने सांगितलं. दोन दिवस मी कॅमेरा बाहेर काढला नाही. कॉलनीत तेवढी बरीच कुरिअरं घेतली.

तिसऱ्या दिवशी मात्र मला असं वाटायला लागलं की दिल्लीत भिंतीवर चित्र असलेले फोटोजर्नलिस्ट किती असतील. हा विचार एकदा शिरला तो शिरलाच. मी लोकांना तिकडे घेऊन जायला लागलो. जुन्या ऑफिसातला एक मित्र, मग मराठी मंडळातले एक निवृत्त अवर सचिव, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. जाताना मी सांगायचो, जवळच एक काम आहे, दोन मिनिटं थांबू. वळणावर आलो की मी मुद्दाम दुसरीकडे बघायचो, म्हणजे त्यांनाच आधी दिसावं. काकांनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हणाले, "काम उत्तम आहे. पण हा कोण?" मग मलाच सांगावं लागलं. गल्लीतली पोरं मला 'दीवारवाले अंकल' म्हणायला लागली आणि मी त्यांना हात करायला लागलो. बायको म्हणाली, आता ती पँट धुवायला टाकू नकोस, ऐतिहासिक आहे.

अशात एक दिवस चित्रकार मुलीचा फोन आला. घरमालकिणीच्या नातीचं लग्न ठरलंय, घराला रंग द्यायचाय, आणि दाराजवळच्या भिंतीवर लग्नाचं चित्र हवंय. मोर, कलश, नवरानवरीची नावं. ते तीच काढणार होती. 'सर, आप आख़िरी बार शूट कर लो,' ती सहज म्हणाली.

मी बस न पकडता रिक्षा केली.

म्हातारी दारातच खुर्ची टाकून बसली होती. मी आधी कुशलक्षेम विचारलं, मग हळूच विषय काढला. चित्र चांगलं आहे, लोक लांबून बघायला येतात. (मी आणलेले दोघं माझ्या डोळ्यांपुढे होते.) मोर दुसऱ्या भिंतीवर काढता येतील. किंवा लग्नापुरता वरून पडदा सोडता येईल, पडदा मी आणून देतो. आणि लघवीचं काय? मोरांना कोण घाबरणार? तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, लग्नात किती लोक येणार माहीत आहे का. मुलाकडचं सगळं गाव येणार होतं.

"बेटा, पानीपत तै बरात के लोग आवैंगे," ती म्हणाली. "दरवाजे पै सबतै पहल्यां तेरा पिछवाड़ा देखैंगे के?"

यावर मराठी माणूस काय बोलणार? मुलाकडचे पानिपतचे आहेत हे कळलं तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की ही लढाई आपल्या बाजूने जायची नाही.

मग मी गच्चीवर गेलो. मुलगी खोलीबाहेर बसून डब्यांत रंग कालवत होती. मी तिच्याशी कलेच्या हक्काविषयी बोललो. चित्र चित्रकाराचं असतं, मालकाच्या एका शब्दावर ते पुसणं म्हणजे शरणागती, तिने ठामपणे नाही म्हणायला हवं. ती ढवळत राहिली. मग तिने मान वर न करता सांगितलं की माझ्या त्या भाषणाला ती आली होती, शेवटच्या रांगेत बसली होती, आणि रांगोळीचं तिला फार आवडलं होतं.

"सर, आपने ही कहा था, पैर पर ग़ुस्सा नहीं करते."

"वो जनरल बात थी," मी म्हणालो.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसली. वाईट वाटून घेऊ नका, असं काहीतरी ती म्हणाली. तिला ते चित्र काढताना मजा आली होती आणि आता मोर काढतानाही येणार होती. माझ्या सांगण्यामुळेच तिने पिवळा वापरला होता का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. नाही विचारलं. म्हटलं, निदान पुसताना मला बोलाव.

तिने बोलावलं. सकाळचं कोवळं ऊन होतं, फोटोसाठी उत्तम वेळ. एका लांब दांड्याचा रोलर घेऊन तिने डावीकडून सुरुवात केली, म्हणजे आधी चेंगरलेली माणसं गेली, मग हात, मग पोळी. बघायला अख्खी गल्ली जमली. ज्यांना मी इतके महिने बाजूला करत आलो ते सगळे आता भिंतीला चिकटून उभे राहिले, कारण प्रत्येकाला पुसल्या जाणाऱ्या माझ्याबरोबर आपला फोटो हवा होता. मोमोवाला आला. सिलिंडरवाला आला, तो खरंच सिलिंडर घेऊन आला. म्हातारीने खुर्ची आणवली आणि माझ्या उरलेल्या पायाजवळ ती बसली. मला एकही मोकळी फ्रेम मिळाली नाही. मी उभ्यानेच क्लिक करत गेलो, कसेही, काहीतरी डोळ्यांत गेल्यामुळे मला नीट दिसत नव्हतं. चित्रकार मुलीने विचारलं तेव्हा मी चुना उडाला म्हणालो. रंग प्लास्टिकचा होता.

लग्नाचं आमंत्रण आम्हाला तिघांनाही होतं. बायको पैठणी नेसून आली आणि मी कोट घातला. भिंतीवर मोर छान झाले होते, मला मान्य करावं लागलं. म्हातारीने माझा हात धरून मला मुलाकडच्या एका वजनदार पाहुण्यापुढे नेलं. त्यांचा पानिपतला चादरींचा कारखाना होता. "यो पहल्यां म्हारी दीवार पै रह्या करता," तिने ओळख करून दिली.

आधी हा आमच्या भिंतीवर राहायचा. त्या गृहस्थांना बँडच्या आवाजात त्यातलं 'राहायचा' तेवढं ऐकू आलं असावं. त्यांनी आस्थेने विचारलं, मग सोडलं का? मी सांगितलं, घर रंगवायला काढलं. त्यांनी मान हलवली, भाडेकरूचे हाल त्यांना माहीत होते. दिल्लीत जागेची फार अडचण, ते म्हणाले, पानिपतला या, मोकळी मोकळी घरं आहेत. आमची मुलगी शेजारी उभी राहून गुलाबजाम खात होती, तिला ठसका लागला.

पुस्तक आता छपाईला गेलं आहे. प्रकाशनाच्या तरुण संपादिकेने माझे सगळे फोटो बघितले, स्वच्छ, रिकाम्या भिंतींचे, वर्षानुवर्षांचे, आणि ते भरभर पुढे सरकवत ती त्या सकाळच्या फोटोंवर थांबली. वाकडेतिकडे, गर्दीचे, कुणाचं डोकं कापलं गेलेलं. हे अजून आहेत का, तिने विचारलं. नव्हते. मग मी पुन्हा गल्ल्यागल्ल्यांतून गेलो, जुन्या भिंतींपुढे, आणि या खेपेला कुणालाही बाजूला व्हायला सांगितलं नाही. हे जितकं सोपं वाटतं तितकं नाही. बाजूला व्हायची सवय झालेली माणसं मला बघितल्याबरोबर आपण होऊन बाजूला व्हायची, आणि त्यांना परत बोलवावं लागायचं.

प्रस्तावना मीच लिहिली. माणसांवाचून भिंत अपुरी असते, ही माझी सुरुवातीपासूनची भूमिका आहे, असं तिच्या पहिल्याच परिच्छेदात म्हटलं आहे. बायकोला वाचायला दिली. तिने ऑफिसातल्या फाइलीसारखी ती काळजीपूर्वक वाचली, 'सुरुवातीपासूनची' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात लिहिलं, 'कृपया तपासावे.'

मी तपासलं. शब्द तसाच ठेवला.